चित्रकला शिकताना अध्यात्म सापडतं का, की ती नुसती एकाग्रता असते?

जास्वंद_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं मनात होतं पण नीट मांडता येत नव्हतं, आता जसं सुचेल तसं लिहिते, सांभाळून घ्या.

मी नाशिकला असते, बँकेत नोकरी. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड आली तेव्हा ड्रॉइंगचे सर वडिलांना भेटायला घरी आले होते की हिला कलेकडे पाठवा, पण आमच्या घरी तो विषय निघणंच शक्य नव्हतं. कॉमर्स केलं, नोकरी लागली, लग्न झालं, ब्रश कुठे गेले तेही आठवत नाही. आता मुलगी शिकायला बाहेर गेली, संध्याकाळ अंगावर यायला लागली, तेव्हा कॉलनीतच एक रिटायर्ड सर क्लास घेतात तिथे नाव घातलं.

सरांनी पहिले कितीतरी आठवडे रंगाला हातच लावू दिला नाही. जास्वंदीची फांदी, पितळी तांब्या, समई, खुर्चीवर टाकलेला टॉवेल एवढंच. ४बी पेन्सिल आणि कार्ट्रिज पेपर. आणि सारखं एकच सांगणं, तुम्हाला माहितीये ते काढू नका, दिसतंय ते काढा. मला आधी चीडच यायची, दिसतंय तेच तर काढतेय ना असं वाटायचं. मग एकदा त्या टॉवेलच्या घड्या काढत होते आणि कधीतरी डोक्यातली बडबड बंद पडली. उद्याची मिटिंग, घरातलं सामान, मुलीचा फोन का आला नाही, काहीच नाही. फक्त ती घडी आणि तिच्यातला अंधार. सरांनी दिवा लावला तेव्हा कळलं की बाहेर काळोख झालाय. नंतर घरी जाताना रस्ता, रिक्षा, पेरूवाला सगळं असं काही स्पष्ट दिसत होतं की मला रडू आलं, का ते सांगता येणार नाही.

माझी आई रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायची आणि उठली की तिच्या चेहऱ्यावर एक काहीतरी असायचं. मी नामस्मरण करून बघितलंय, मेडिटेशनचं ॲप पण लावून बघितलं, मला ते कधी मिळालं नाही. त्या टॉवेलपाशी मिळालं असं वाटतं. म्हणून विचारतेय की याला अध्यात्म म्हणायचं का, की मी उगाच मोठं नाव देतेय? ज्यांनी रीतसर कलाशिक्षण घेतलंय त्यांना असं होतं का?

दुसरं, एक मैत्रीण म्हणतेय की तीन दिवसांचं निवासी शिबिर आहे, 'रंगातून आत्मसाक्षात्कार' टाइपचं, फी अठरा हजार. चक्रांचे रंग, मनातले ब्लॉकेज, असं काय काय आहे, आणि चित्रकला येत नसली तरी चालते म्हणे. जावं का? की त्यापेक्षा आहे तेच नीट शिकत राहावं? कृपया मनापासून सांगा.

खडू_फळा

ताई, तुमच्या सरांना सातारच्या एका ड्रॉइंग मास्तराचा नमस्कार सांगा. आठवडेच्या आठवडे रंग लावू न देणारा शिक्षक आजकाल मिळत नाही, पालकच टिकू देत नाहीत.

तुम्हाला जे झालं ते मी वर्गात मुलांना होताना पाहिलंय. पाचवीतल्या पोराला कप काढायला सांगा. तो कपाचं तोंड गोल काढणार आणि बूड सरळ रेघ काढणार, कारण तोंड गोल असतं आणि कप टेबलावर सपाट बसतो हे त्याला पक्कं माहीत असतं. समोरच्या कपाचं तोंड लंबगोल दिसतंय, बुडाची कड पण वळलेली दिसतेय, पण डोळ्यापेक्षा त्याची माहिती जोरात बोलत असते. ड्रॉइंग शिकवणं म्हणजे त्या माहितीला जरा वेळ गप्प बसवायला शिकवणं. खुर्ची काढता येत नाही म्हणणाऱ्या मुलाला मी सांगायचो की खुर्ची काढूच नको, पायांच्या मधल्या रिकाम्या जागा काढ. त्या रिकाम्या जागेला नाव नसतं, त्यामुळे मनाला तिथे बोलायला काही मिळत नाही, आणि खुर्ची आपोआप बरोबर येते. हे दिसायला लहान तंत्र आहे पण त्यात 'मला ठाऊक आहे' हे बाजूला ठेवावं लागतं, आणि ते रोज ठेवावं लागतं. आपल्याकडच्या सगळ्या संतमंडळींनी वेगळं काय मागितलंय सांगा.

रझांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तरी लिहितो कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्यात दिसतं. चित्रकार सय्यद हैदर रझा, जन्म १९२२, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात, वडील जंगल खात्यात. पोरगा शाळेत भयंकर चंचल. काकैयाच्या प्राथमिक शाळेतले नंदलाल झारिया गुरुजी, त्यांनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि सांगितलं, बाकी सगळं सोड, याच्याकडे बघत बस. ना मंत्र, ना त्या बिंदूचा अर्थ. पोरगा पुढे नागपूरला शिकला, मग मुंबईला जे. जे. कलाशाळेत, म्हणजे जेजेमध्ये, १९५० ला फ्रान्सला गेला, तिथे नाव झालं, निसर्गचित्रं काढली, बक्षिसं मिळाली, आणि पन्नाशी उलटून गेल्यावर काहीतरी हरवलंय असं वाटायला लागलं तेव्हा तो गुरुजींचा बिंदू चित्रात परत आला आणि शेवटपर्यंत राहिला. २०१६ ला गेले तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या शेजारी दफन झाले. एका खेड्यातल्या मास्तरानं एका दुपारी केलेलं काम. मला मोक्षातलं काही कळत नाही पण कलाशिक्षणानं काय होऊ शकतं म्हणाल तर हे होऊ शकतं. आणि आमच्या शाळांत आजही परीक्षा जवळ आली की पहिला तास आमचाच जातो, गणिताला.

शिबिराबद्दल नंतर लिहितो, आधी बाकीच्यांचं ऐकू.

साधक_इगतपुरी

ताईंचा अनुभव खरा आहे, त्याचा मान ठेवूनच लिहितोय, पण मला वाटतं इथे दोन गोष्टी एक होतायत.

मी बऱ्याच वर्षांपासून विपश्यना करतो. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांच्या शिबिरात गेलात तर वही-पेन, पुस्तक, संगीत, काहीही जवळ ठेवू देत नाहीत. मी स्वतः स्केचबुक घेऊन फिरणारा माणूस, मला ते पहिल्यांदा फार जड गेलं होतं. कारण मात्र नंतर उमगलं. काहीतरी करत राहिलं की मन त्या करण्याला चिकटून शांत होतं, ते सोपं आहे. काहीच आधार नसताना शांत राहणं अवघड. मन तर पत्ते खेळतानाही लागतं, क्रिकेट बघतानाही लागतं, तल्लीन होणं म्हणजे शहाणं होणं नव्हे.

आणि चित्रात एक वेगळा धोका आहे. चांगलं आलं की 'मी काढलं' येतंच. मग ते कुणीतरी बघावं, वा म्हणावं. कलेच्या इतिहासात मोठमोठे चित्रकार आहेत ज्यांचं आयुष्य मत्सरानं, व्यसनानं, घरच्यांना दिलेल्या त्रासानं भरलेलं होतं, आणि त्यांची तल्लीनता आपल्यापेक्षा शंभरपट होती. चित्रानं माणूस सुटत असता तर ते सगळे सुटले असते. म्हणून मी कसोटी एकच लावतो, ताई. घरी राग कमी झाला का? ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी वागताना काही फरक पडला का? पडला असेल तर ते अध्यात्म, नसेल तर छान छंद आहे, जरूर करा, पण नाव मोठं देऊ नका.

बोरीबंदर

साधक साहेब, तुमची कसोटी मला आवडली पण कलाशिक्षण तुम्ही जरा लांबून बघताय असं वाटलं. मी जेजेचा, फाइन आर्टचा, म्हणून आतलं सांगतो.

'मी काढलं' हे तिथे फार वेळ टिकतच नाही. लाइफच्या वर्गात मॉडेल बसलंय, तुम्ही दोन-अडीच तास चारकोलनं राबलाय, सर मागून येतात, बघतात, कापड उचलतात आणि अख्खा खांदा पुसून टाकतात. वजन उजव्या पायावर आहे, तू डाव्यावर दिलंयस. झालं, परत पहिल्यापासून. चारकोल फुंकरीनं पण उडतो, जपून ठेवायची सोयच नसते त्यात. पहिल्या वर्षी मुलं रडतात, दुसऱ्या वर्षी स्वतःच पुसायला लागतात. वर्षाच्या शेवटी कामांचा गठ्ठा असतो पण त्यातलं कुठलं 'माझं' असं वाटेनासं होतं, काम चालू राहतं. हे कुणी अध्यात्म म्हणून शिकवत नाही, अभ्यासक्रमात त्याला मार्क पण नाहीत.

चित्रकार गायतोंडे घ्या. वासुदेव गायतोंडे, मूळ गोव्याकडचं घराणं, जन्म नागपूरचा १९२४ चा, वाढले गिरगावात, १९४८ ला जेजेचा डिप्लोमा. सुरुवातीला भारतीय लघुचित्रांसारखी रेषा, आकृत्या, मग हळूहळू एकेक गोष्ट चित्रातून जात राहिली. माणूस गेला, वस्तू गेली, शेवटी रंग आणि प्रकाश राहिला. झेनचं, रमण महर्षींचं, कृष्णमूर्तींचं वाचन होतं. कृष्णमूर्तींची मुंबईतली व्याख्यानं पुढे कितीतरी वर्षं जेजेच्याच आवारात झाडांखाली व्हायची, हे आमच्या पिढीला पण मोठ्यांकडून ऐकून माहीत आहे. पण लक्षात घ्या, गायतोंडेंनी ओम, कमळ, चक्र असलं काही कधी रंगवलं नाही. रोलर आणि पॅलेट नाइफनं थर द्यायचा, काढायचा, परत द्यायचा. वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास. बाकीचा वेळ नुसतं बसणं, बघणं. पुढे २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं आणि कोटींचे आकडे पेपरात आले, पण ते २००१ लाच गेले होते, दिल्लीत निजामुद्दीनच्या एका साध्या जागेत कितीतरी वर्षं एकट्यानं काढून. त्यांना संत करायची गरज नाही, मला एवढंच म्हणायचंय की ते जे करत होते त्याला छंद म्हणता येणार नाही.

शंकर पळशीकरांचं नाव पण घ्यायला हवं. भंडाऱ्याकडचे, जेजेचे विद्यार्थी, मग तिथेच शिक्षक, मग अधिष्ठाता. तंत्रमार्गावर, म्हणजे यंत्र-मंडलांच्या साधनेच्या परंपरेवर, त्यांचा अभ्यास होता, स्वतःच्या चित्रात तो दिसतो, पण विद्यार्थ्यांना ते तंत्रमार्गातले आकार काढायला लावत बसले नाहीत, त्यांच्या हाताखालची माणसं एकमेकांपासून पूर्ण वेगळी चित्रं काढणारी निघाली. मला तर हीच चांगल्या गुरूची खूण वाटते. आणि अलिबागजवळच्या नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे, १९६१ ला बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला गेले, तिथे तंत्रमार्गातल्या आकृत्या डोळ्यात भरल्या, काही वर्षं चित्रात त्याच होत्या. नंतर त्या मागे पडल्या आणि काय आलं, तर घड्याळ, पान, शंख, रोजच्या घरातल्या वस्तू. गूढ आकारांकडून साध्या वस्तूकडे आले. ताईंचा टॉवेल त्याच रस्त्यावरचा आहे असं मी म्हणेन, आणि यात मी अजिबात अतिशयोक्ती करत नाहीये.

जास्वंद_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार, मी दोनदोनदा वाचतेय.

साधक दादा, तुमच्या प्रश्नानं झोप उडवली. खरं सांगायचं तर राग कमी झालेला नाही. काउंटरवर चिडते, घरी पण चिडते. पण एक झालंय. सासूबाईंशी माझं कधीच फारसं जमलं नाही, आता त्या थकल्यात, दिवसभर काही ना काही मागत असतात. परवा चहा देताना त्यांचा हात बघितला, बोटांची पेरं सुजून वाकडी झालीत, कपाचा कान धरायला अंगठा कसा आडवा लावावा लागतो त्यांना. हा हात मी पंचवीसेक वर्षं बघतेय आणि बघितलाच नव्हता. त्या दिवसापासून कप बदलला, मोठ्या कानाचा आणला. रागबिग आहेच अजून. याला काय म्हणायचं मला माहीत नाही.

इल्मकाठ

नमस्कार, मी जर्मनीत वायमारला राहतो, नोकरी शेजारच्या येनाला. ताईंच्या शिबिराच्या प्रश्नावर लिहायचं राहवलं नाही कारण मी रोज ज्या बागेतून चालत जातो तिथे याच प्रश्नाचा एक मोठा प्रयोग होऊन गेलाय.

बाउहाउस ही डिझाइनची शाळा सगळ्यांना ऐकून माहीत असते, सपाट पांढऱ्या इमारती, स्टीलच्या नळीच्या खुर्च्या वगैरे. ती सुरू झाली वायमारला १९१९ मध्ये, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, विद्यार्थ्यांमधले कितीतरी थेट आघाडीवरून परत आलेले, आणि पहिल्या वर्षाचा पायाभूत कोर्स योहानेस इटेन नावाचा स्विस चित्रकार घ्यायचा. डोकं तुळतुळीत, अंगात भिक्षूसारखा झगा. इल्म नदीकाठच्या पार्कात त्याचा स्टुडिओ होता, आता तिथे फक्त पडक्या भिंती आहेत, दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडला. त्याचा वर्ग सुरू व्हायचा श्वासाच्या आणि शरीराच्या व्यायामानं, आधी हातपाय सैल, मग श्वास, मग रेषा. काटेरी झुडपाची फांदी समोर ठेवायची आणि म्हणायचं, आधी हा काटा हाताला, अंगाला जाणवू दे, मग काढ. लाकूड, लोकर, काच, पत्रा डोळे मिटून चाचपायला लावायचा आणि मग तो स्पर्श कागदावर आणायला सांगायचा. आज जगभरातल्या कला महाविद्यालयांत फाउंडेशनला जे करतात, आपल्याकडे पण, त्यातलं पुष्कळसं तिथून आलंय. त्याच शाळेत मग चित्रकार पाउल क्ले आला, १९२२ ला कान्डिन्स्की आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात यांची चित्रं कलकत्त्यात प्रदर्शनाला गेली, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर यांच्या चित्रांबरोबर लागली. म्हणजे हे धागे तेव्हाच एकमेकांत गुंतलेले होते.

आता दुसरी बाजू. इटेन माझदाझनान नावाच्या पंथाचा कट्टर अनुयायी होता. उपास, पोट साफ करण्याचे विधी, लसूण घातलेलं शाकाहारी जेवण, हे हळूहळू शाळेच्या मेसपर्यंत आलं, विद्यार्थ्यांत 'आपले' आणि 'बाहेरचे' असे दोन गट पडले, आणि त्या पंथाच्या शिकवणीत गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पना होत्या हे पण लपवण्यासारखं नाही. तिथल्याच श्लेमर नावाच्या शिक्षकानं १९२१ च्या एका पत्रात एक प्रसंग लिहून ठेवलाय. इटेननं वर्गाला ग्र्युनेवाल्ड या जुन्या जर्मन चित्रकाराच्या चित्रातली, येशूच्या क्रुसापाशी रडणारी मेरी मॅग्डालेन दाखवली आणि काढायला सांगितली. मुलं मान खाली घालून रेषा जुळवायला लागली. थोड्या वेळानं इटेन त्यांच्यावर कडाडला की तुमच्यात संवेदना असती तर तुम्ही काढत बसला नसता, रडला असता.

मला हा प्रसंग वाचल्यापासून सोडत नाही. काटा जाणवू दे म्हणणं आणि रड म्हणणं, माणूस तोच, पण पहिल्यात तो विद्यार्थ्याला वस्तूकडे पाठवतोय आणि दुसऱ्यात स्वतःला हवी ती भावना मागतोय. ज्या मुलाला रडू आलं नसेल त्यानं दुसऱ्या दिवसापासून काय केलं असेल? इटेन १९२३ मध्ये शाळा सोडून गेला, संस्थापक ग्रोपियसशी पटेना. ताई, तुम्हाला रडू टॉवेलपाशी आलं, कुणी मागितलं नसताना. शिबिरात ते वेळापत्रकात असेल, शनिवारी दुपारी ठरलेलं. माझं मत नको जाऊ असं आहे.

आखणी_पेण

वाचून बरं वाटलं, लिहू की नको करत होतो. आमचा पेणला गणपतीचा कारखाना, आज्यापासून चालत आलेला. आमच्यात कुणी कॉलेजात जाऊन शिकलं नाही, पण शिकणं काय असतं ते सांगतो.

पोर कामावर येतं तेव्हा आधी माती. शाडू भिजवायची, मळायची, खडे काढायचे. मग साच्यात माती दाबायची, मग जोड, मग पाण्याचा हात फिरवून सफाई. मग अंगाचा रंग, मग सोवळं, शेला, दागिने. अशी वर्षं जातात. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, आणि ती प्रत्येकाला येतेच असं नाही, कारखान्यात एक-दोनच हात असतात आखणीचे. माझ्या वडलांनी मला किती वर्षं आखणीला बसवलं नाही, मागितलं तर म्हणायचे अजून तुझं लक्ष गणपतीकडे नाही, ब्रशकडे आहे. आता मी पोरांना तेच सांगतो आणि त्यांना पण तेव्हा कळत नाही.

इथे सगळे शांततेबद्दल लिहितायत म्हणून सांगतो, आषाढ-श्रावणात आमच्याकडे शांतता वगैरे काही नसते. फोन, टेम्पो, ऑर्डरी, पाऊस असेल तर माती वाळत नाही, रात्री जागायचं. त्या गडबडीतच आखणी होते. ब्रश टेकला की श्वास थांबतो, थांबवावा लागत नाही. भुवई, पापणी, बुबुळ, आणि एका क्षणाला समोरचा आपल्याकडे बघायला लागतो. कितीही मूर्त्या केल्या तरी तो क्षण दर वेळी येतो आणि दर वेळी मी नकळत हात जोडतो.

आणि साधक साहेब म्हणतात ते 'मी केलं' आमच्याकडे पण आहे की. चांगली मूर्ती झाली तर द्यावीशी वाटत नाही. पण ती जाते. आमच्या हातात असते तोवर ती माती, देव होतो तो घेणाऱ्याच्या घरी, चतुर्थीला, भटजींनी प्राणप्रतिष्ठा केली की, तिथे आम्ही नसतो. आणि दीड दिवसात नाहीतर पाच दिवसात पाण्यात जाते. पुढच्या वर्षी पुन्हा माती मळण्यापासून सुरू. नाव मूर्तीवर कुठेच नसतं. आम्हाला अनासक्ती कुणी शिकवली नाही, धंदाच तसा आहे.

पालघर_चौक

पेणच्या दादांना अनुमोदन. आमच्या डहाणू-तलासरीकडे वारली लग्नात देवचौक, म्हणजे भिंतीवर लग्नाची चौकट काढतात, आत पालघट देवी. तो सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठानं, आणि तो निघाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, बाया काढतात. मुली बघून बघून शिकतात, आत्याच्या हाताखाली ठिपके देत देत. जिव्या सोमा म्हशेंनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर, कॅनव्हासवर नेली, जगभर गेली, पद्मश्री मिळाली, अभिमानच आहे आम्हाला. पण आता शहरात 'वारली मेडिटेशन' म्हणून दोन तासांत शिकवतात, त्यात चौक असतो, देवी नसते, गाणं नसतं. ताई, शिबिराला जायच्या आधी ते ज्याचं घेतायत त्याला ते ओळखतात का तेवढं बघा.

साधक_इगतपुरी

जास्वंदताई, कपाचं वाचलं. माझी कसोटी मी रागावर लावली होती, तुमचं उत्तर दुसरीकडूनच आलं आणि ते मला जास्त पटतंय. जसं आहे तसं बघणं, हेच तर आम्हाला पण शिकवतात, आणि बघितल्यावर तुम्ही कप बदललात, यापुढे मी काय बोलणार. चित्रानं माणूस सुटतो का यावर माझं मत अजून तेच आहे, शेवटी कधीतरी पेन्सिल पण खाली ठेवावी लागते असं मला वाटतं. पण तुम्ही आत्ता ती खाली ठेवायची काही गरज नाही. पेणच्या दादांचं लिहिणं मी माझ्या केंद्रातल्या मित्रांना वाचून दाखवणार आहे, परवानगी आहे असं धरतो.

खडू_फळा

आता शिबिराचं. ताई, निर्णय तुमचा, मी फक्त तिथे फोन करून काय विचाराल ते सांगतो. शिकवणारी व्यक्ती स्वतः काय काढते ते दाखवा म्हणावं. तीन दिवसांत प्रत्यक्ष हात किती तास चालणार आणि बोलणं किती तास. शिबिर संपल्यावर तुमचं काम कोण बघणार. आणि येत नसलं तरी चालतं असं जे म्हणतात, त्याचा अर्थ शिकवणार आहोत असा आहे की शिकवायचंच नाही असा आहे. या उत्तरांवरून तुम्हाला कळेल. मनावर ओझं असेल, ते रंगांतून बोलावंसं वाटत असेल, तर त्यासाठी रीतसर शिकलेले आर्ट थेरपिस्ट असतात, ते वेगळं काम आहे आणि चांगलं काम आहे, पण ते करणारा तीन दिवसांत आत्मसाक्षात्काराची हमी देत नाही.

तुमच्या सरांना सोडू नका. अठरा हजारात दोन-तीन वर्षांचे कागद, रंग, एक चांगला ड्रॉइंग बोर्ड आणि सरांची फी पण निघेल.

एक अभ्यास सांगतो, सरांना विचारून करा. कागदाकडे अजिबात न बघता फक्त वस्तूच्या कडेवर नजर ठेवून, नजर जितकी सरकेल तितकीच पेन्सिल सरकवायची, उचलायची नाही. हात काढा स्वतःचा. सासूबाई बसत असतील तर त्यांचा काढा, त्यांना विचारून. चित्र वेडंवाकडं येणार, ते फाडायचं नाही आणि कुणाला दाखवायचं पण नाही. दुसरं, शांतिनिकेतनात नंदलाल बोस मुलांना झाड काढताना सांगायचे की बुंध्यापासून वर जा, झाड खालून वर वाढतं, रेघ पण तशीच जाऊ दे. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी, त्यांनी ही आठवण सांगितलीय. वडाची नाहीतर चिंचेची फांदी अशी काढून बघा, हाताला फरक कळतो.

आणि तुम्ही नाशिकच्या, तुम्हाला लांब जायची गरजच काय. पांडवलेणी तुमच्या गावात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंसाठी खोदलेली, चोवीस लेणी, राहायची जागा आणि उपासनेची जागा एकाच दगडात, आणि ज्यांनी छिन्नी चालवली त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठे नाही. रविवारी सकाळी लवकर पायऱ्या चढा, गर्दी व्हायच्या आत. अठरा नंबरच्या चैत्याचं प्रवेशद्वार काढायला घेऊ नका, ते सगळे घेतात आणि अडकतात. तीन नंबरच्या व्हरांड्यातला एकच खांब घ्या, तळापासून वर, उजेड डाव्या बाजूनं येत असेल तर आधी सावलीची बाजू लावा. साधी वही-पेन्सिल चालते, स्टँड लावायचा असेल तर तिकिटाच्या खिडकीवर विचारून घ्या. ते चित्र मात्र इथे टाका, रेषा कुठे अडलीय ते सांगतो.